अण्णांच्या उशाचं पाणी

मल्हारअण्णा तंबूत उशी घेत नसत. पाण्याच्या कॅनवर डोकं ठेवून झोपत. तिथून पाणी काढायची कुणाची हिंमत नव्हती. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरात आले आणि बनशंकरीतल्या एका हौशी मंडळाबरोबर डोंगरांवर जाऊ लागले. अण्णा त्याचे म्होरके. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. आनेकलपलीकडच्या उजाड टेकडीवर आमचा मुक्काम असे. वर ना नळ, ना विहीर. पाणी खालच्या गावातून पाठीवर न्यायचं. वाटप अण्णांच्या हाती. ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची. आंघोळीचं नाव काढलं की म्हणत, "ओलं फडकं फिरवा अंगावरून. साकु, पुरे तेवढं! माहेरी आलात का न्हायला?"

स्वतःही ते थेंबभर जास्त घेत नसत. त्यामुळे त्यांच्याशी भांडणंही अवघड.

एकदा माझ्या ऑफिसातली वसुधा सोबत आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला पाळी आली. कपडे खराब झालेले. ती तंबूबाहेर येईना. मी अण्णांना कारण सांगून अर्धी बादली पाणी मागितलं.

"ते प्यायचं पाणी आहे, अक्का."

"संध्याकाळी खाली उतरतोच आहोत ना?"

"मग तोवर कळ काढा म्हणावं. बायकांना आणू नका, हे मी आधीच सांगत होतो."

बाकीचे पुरुष चुलीकडे बघत बसले. मी कॅन उचलला आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत अर्धी बादली ओतून घेतली. ते ओरडत राहिले. मी दोन झुडपांना चादर बांधून आडोसा केला. वसुधा रडत रडत न्हाली.

दुपारी अण्णांनी उरलेलं पाणी सगळ्यांना वाटलं आणि स्वतःचा पेला पालथा घातला. "माझ्या वाट्याचं तिनं वापरलं. सरी, ठीक आहे, मिटलं."

उतरताना त्यांचे ओठ फुटले होते. वसुधानं आपली बाटली पुढे केली. "अण्णा, स्वल्प तरी घ्या."

"तुमचं तुम्ही प्या."

मला दया आली नाही. नकारही यांचा आणि त्यागही यांचाच!

बनशंकरीला बसमधून उतरताच त्यांनी रस्त्याकडेच्या नळाला ओंजळ लावली. आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ पीत राहिले. मग बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "पुढच्या खेपेला येऊ नका."

"नाही येणार," मी म्हणाले.

मी शब्द पाळला. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हाही त्यांच्या घरी गेले नाही. वसुधा मात्र जाऊन आली.