तुमचीच गाडी आहे हो

नवी गाडी परवडत नव्हती असं मुळीच नाही. हिंजवडीच्या कंपनीत मला वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट मिळत होतं, आणि कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून बँकेची माणसं जागेवर येऊन पाया पडायची. आमच्या मजल्यावर दर आठवड्याला कोणीतरी गाडीचे पेढे वाटायचं. गाडी तीच, रंग तोच चंदेरी, पेढेही एकाच दुकानातले. संध्याकाळी पार्किंगमध्ये लोक दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावून बघायचे. मला या मंडळींचा मनापासून कंटाळा होता. आपण पेठेतले, म्हणजे आपण जरा वेगळे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. म्हणून मी ठरवलं की गोल दिव्यांची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली जुनी गाडी घ्यायची आणि तिनंच रोज ऑफिसला जायचं. गाडीचं नाव सांगत नाही. तिचे भक्त फार आहेत आणि चुका काढायला त्यांना वेळही फार आहे.

पहिली पाहिली मांजरी गावात, उसाच्या कडेला. मालक म्हणाला, "चालू हाय, फकस्त सकाळी ढकलाया लागती." मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती उठायला तयार नव्हती. दुसरी कॅम्पात. ती इतकी चकचकीत की मालक तिला पावसात काढत नसे आणि उन्हातही काढत नसे. तसली गाडी रोज वापरायची म्हणजे मखरातल्या गणपतीला भाजी आणायला पाठवण्यासारखं.

तिसरी खडकीला मिळाली. मालक कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, मूळचे वर्ध्याकडचे. तीस वर्षं ते याच गाडीनं कामावर गेले होते. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, रंग दोन ठिकाणी हातानं लावलेला, पण इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. "रोज चालवलेली गाडीच रोज चालते, भाऊ," ते म्हणाले. "नुसती ठेवलेली रुसते." एका डोळ्यानं दिसेनासं झालं म्हणून विकत होते. किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा ती त्यांच्या मुठीतून सुटेना. मला उशीर होत होता. मी म्हटलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचीच गाडी आहे हो. केव्हाही या."

पुण्यात हे वाक्य म्हणजे दार लावून घ्यायची सभ्य रीत आहे. समोरचाही "येऊ की" म्हणतो आणि जन्मात फिरकत नाही. हे गृहस्थ पुढच्याच रविवारी सकाळी आठ वाजता, दोन बस बदलून, फडकं घेऊन दारात हजर.

"तुम्ही या म्हटलं न जी. म्हणून आलो."

त्यानंतर दर रविवारी. आधी मी वैतागलो, मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस फुकट आहे. ते कार्ब्युरेटर साफ करायचे, प्लग काढून पुसायचे, कान लावून इंजिन ऐकायचे. मी वर गॅलरीत पेपर वाचायचो. चहा त्यांना जिन्यातच दिला जाई, हात काळे म्हणून. ऑफिसात कोणी विचारलं, एवढी जुनी गाडी रोज चालते कशी, की मी सांगायचो, "स्वतः मेन्टेन करतो. नाद लागतो, तुम्हाला नाही कळायचं." लाज वाटायची का? नाही. तेव्हा मला स्वतःचं कौतुक सोडून फारसं काही वाटत नसे.

एका रविवारी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोचं सांगितलं. तिची एक बाजू वाऱ्यानं गेली होती. रिक्षात बसवता येत नसे, बसचा प्रश्नच नव्हता. या गाडीत मात्र पुढची सीट बाकासारखी अखंड, त्यामुळे ते तिला एका दारातून टेकवून हळूहळू आत सरकवायचे. ती घराबाहेर पडायची ती फक्त अशी. गाडी विकल्याचं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. गॅरेजात टाकली आहे, मोठं काम निघालं आहे, असं म्हणून ते रविवारी घरातून निघत. ती रोज विचारायची, झाली का.

"एक दिवस आणता काय गाडी आमच्या दारात? चालवा तुम्हीच. मी तिला बसवतो. चतुःशृंगीपर्यंत जाऊ, खालूनच हात जोडू, वापस येऊ. एक डाव बसली की तिचं समाधान होईल."

"बघू की," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी ऑफिसातली पाच-सहा जणं माझ्याकडे आली. गाडीत बसून मुळशीकडे जेवायला जायचा बेत होता. किल्ली त्यांच्या हातात देऊन मी पाकीट घ्यायला वर आलो, तेवढ्यात फोन वाजला. फोरमनकाका होते.

"भाऊ, निघाले काय? तिला तयार करून खुर्चीत बसवलं आहे. सकाळपासून बसून राहिली. नवं लुगडं नेसली."

मला संताप आला. त्यांचा नाही, खरं सांगतो, पकडला गेल्याचा. पण निघाला त्यांच्यावर.

"काका, पुण्यात 'बघू' म्हणजे 'नाही' असतं. आणि 'तुमचीच गाडी आहे' म्हणजे 'आता माझी आहे' असतं. तीस वर्षं खडकीत काढलीत, एवढं कळलं नाही तुम्हाला?"

मग ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला 'आपण' म्हणाले, "आपली हरकत नसेल तर हे तिलाही आपणच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही." आणि त्यांनी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"गॅरेजवाले भाऊ काय जी?" शब्द जड, अर्धे गिळलेले. "झाली काय आमची गाडी?"

खरं सांगायचं तर मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि खाली माणसं खोळंबली होती. मला एक सोपं वाक्य सुचलं.

"बाई, ती दुरुस्त होण्यातली नव्हती. भंगारात गेली. आता वाट बघू नका."

मी रिसीव्हर ठेवणार एवढ्यात खालून, खिडकीच्या अगदी खालून, कोणीतरी मला बोलवायला हॉर्न दाबला. तो हॉर्न घोगरा होता, शेवटी चिरकायचा. दोनदा वाजला.

"अहो," ती म्हणाली. मला नाही, तिच्या नवऱ्याला. आवाजात इतका आनंद होता की शब्द एकदम सुटे झाले. "अहो, आपली गाडी वाजून राहिली. आली पाहा. दार उघडा न जी."

मी फोन ठेवला.