दर्याचा रफार

बाळकुमला मी ज्या मावशींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्या गावातल्या धवलारीण होत्या. कोळ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणाऱ्या बाई. त्यांच्याशिवाय त्या आळीत कुणाचं लग्न लागत नाही म्हणे. पण सख्ख्या नातीचं लग्न मात्र त्यांच्याशिवाय लागणार होतं. मावशींचा मुलगा मस्कतला नोकरीला, त्याच्या लेकीचं लग्न तिकडेच ठरलेलं, आणि छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मावशींना विमानात बसायला साफ मनाई केलेली.

"कॅसेट भरून पाठवू या ना," मी म्हटलं.

"नाय गो पोरी. लगीन लागत नसताना धवला गायाचा नाय. शब्द बोलून दावते, तू लिवून घे."

यापुढे वाद नव्हता. मावशी मासे निवडता निवडता बोलत गेल्या आणि मी लिहीत गेले. डोंबिवलीत कडक शुद्धलेखनावर वाढलेली मी, त्यामुळे प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं. धवल्यात सगळ्यात आधी दर्याला लग्नाचं आवतण जातं, देवांचा नंबर त्याच्यानंतर. मला ते फार आवडलं.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं आणि आम्ही मराठी वेबसाइट चालवायचो. पाककृती, सणवार, आरत्या. त्यातच मी धवल्यांचं पान टाकलं. मस्कत, दुबई, शारजा इथल्या कोळी बायका आपापल्या घरी ते वाचून पाठ करणार आणि लग्नाला एकत्र गाणार, असं मावशींच्या मुलानं ठरवलं होतं. मावशी तेवढ्यावर समाधानी होत्या. निदान तसं म्हणत होत्या.

आणि मग एका मासिकाबरोबर ब्राउझरच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची सीडी आली.

मी आमचं पान त्यात उघडलं आणि डोकंच फिरलं. सगळे रफार गायब! 'सर्व'चं 'सव', 'वर्ष'चं 'वष', 'मुहूर्त'चा 'मुहूत'. आणि दर्याची झाली होती दया. म्हणजे लग्नाचं पहिलं आवतण समुद्राला न जाता दया नावाच्या कुठल्या तरी बाईला गेलं होतं.

कारण शोधायला वेळ लागला. तेव्हा मराठीला संगणकात स्वतःचं घर नव्हतं. इंग्रजी चिन्हांच्या कप्प्यांत आमची अक्षरं दाटीवाटीनं बसवलेली असायची. आमच्या फॉन्टात रफार ज्या कप्प्यात होता, तो कप्पा मुळात ओळीच्या शेवटी शब्द तोडायच्या रेघेचा, जी एरवी दिसायचीच नाही. जुना ब्राउझर तिकडे काणाडोळा करायचा. नवा नियमाला पक्का निघाला, त्यानं रफारच अदृश्य केला. तिकडे परदेशात बसून कुणीतरी शिस्त लावली आणि इकडे आमच्या अक्षरांच्या डोक्यावरची टोपी उडाली. मला त्या शिस्तीचा मनस्वी राग आला.

साहेब म्हणाले, "अगं, लोक घेतात समजून. एवढं काय त्यात?"

"साहेब, लग्नात आरतीचं पुस्तक चुकीचं छापून वाटाल का तुम्ही?"

ते समोरची फाईल उघडून बसले. तोच होकार धरून मी कामाला लागले. नवा ब्राउझर लग्नाच्या आधीच बाहेर येणार होता. रफारासाठी रिकामा कप्पा शोधला, फॉन्ट दुरुस्त केला, एकेका पानावरचा एकेक रफार नव्या जागी नेला, जुन्या ब्राउझरमध्ये पुन्हा तपासला. तिकडच्या बायकांना नवा फॉन्ट उतरवून घ्यायला कळवलं. मावशी रोज विचारायच्या, "दर्या आला का गो जाग्यावर?" ज्या दिवशी मी "आला" म्हटलं, त्या दिवशी त्यांनी मला भरलेलं पापलेट खाऊ घातलं.

लग्नाच्या दिवशी मावशी सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात वेणी माळून फोनपाशी बसल्या होत्या. फोन आला. मुलानं तिकडे स्पीकरचा फोन मांडवात ठेवला आणि तिकडच्या बायका गायला लागल्या. मीही कान लावला. शब्द स्वच्छ, एकूण एक रफार जागेवर. आणि चाल? चाल चक्क आरतीची. पानावरून शब्द गेले होते, चाल कशी जाणार?

"शब्द बराबर हायत," मावशी फोनमध्ये म्हणाल्या. "पन ह्या आरती करतात का लगीन लावतात?" मग म्हणाल्या, "हलद लागली ना पोरीला? मंग आता गायाला हरकत नाय."

आणि त्यांनी धवला उचलला. पहिल्यांदाच ऐकत होते मी. दर्याशी आल्यावर त्यांनी तो शब्द असा लांबवला, 'दरिऽऽया', की त्यात माझा रफार औषधालाही उरला नाही. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. पलीकडच्या बायका हळूहळू त्यांच्या चालीत आल्या आणि मग शेवटपर्यंत आल्या.

मावशींनी रिसीव्हर ठेवला, आरशासमोर जाऊन वेणी सोडायला लागल्या.

"दमली गो," त्या म्हणाल्या. "लगनाच्या घरात दोन घटका बसायला पन मिलत नाय."