बसमधली तालीम

कोर्स आवडत नाही, एवढं सांगायला तुमच्या घरात मुलांना भीती का वाटते?

वैशाली नगरहून सोडाल्याला जाणाऱ्या बसमध्ये एक मुलगी रोज माझ्याशेजारी बसायची. मांडीवर डेंटल कॉलेजचा पांढरा एप्रन, कानाला फोन. एप्रनचं बटण पिळत ती कुजबुजायची, "पापा, मुझे कॉलेज छोड़ना है." रोज ऐकूनही न ऐकणाऱ्या त्या बापाचा मला संताप यायचा.

काल ती बोलत असतानाच कानाशी धरलेला फोन वाजला. म्हणजे पलीकडे कुणी नव्हतंच!

दचकून तिने तो उचलला. "हाँ पापा, कॉलेज बढ़िया चल रहा है."

मग ओशाळून मला म्हणाली, "दीदी, प्रैक्टिस में तो रोज़ मान जाते हैं."

आईबाबांनो, आज जेवताना मुलांना विचारा, कॉलेज खरंच आवडतं का? आणि त्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसा.