लोहचुंबक आणि मिठातला बोल्ट

माणसाच्या शब्दापेक्षा खिशातल्या लोहचुंबकावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या सुरतेत एकच होता, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा होता. मावसा अमळनेरहून आले, गोडादऱ्यात राहिले आणि एका डाइंग मिलमध्ये जन्मभर फिटर म्हणून राबले. रंगाच्या यंत्रात गरम पाणी, मीठ आणि अ‍ॅसिड. तिथे हलका बोल्ट लावला की तो गंजतो आणि त्या गंजाचा एक ठिपका कापडाच्या अख्ख्या पांढऱ्या ताग्याची वाट लावतो. त्यामुळे लोक जावई निवडतात तसे मावसा स्टेनलेसचे नट-बोल्ट निवडायचे. जावई मात्र त्यांनी पाच मिनिटांत पसंत केला होता.

लोखंड चुंबकाला चिकटतं, अस्सल स्टेनलेस चिकटत नाही, हा त्यांचा वेद. लग्नात आहेराच्या भांड्यांना ते हळूच चुंबक लावून बघत. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी चहाच्या ट्रेलाही लावलं. ते टक्कन चिकटलं. मावशीने कपाळावर हात मारला. जिना उतरताना मावसांनी निकाल दिला, "ट्रे हलका शे, पन मानसं चांगली शेतस." लग्न ठरलं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर दोघं एकमेकांना धरून जाम होतात, म्हणून मध्ये ग्रीस लावावं लागतं. मावशीशी वाजलं की हेच ते मला ऐकवायचे, "दोन्ही कडक. मधमा ग्रीस नही!"

बोल्ट ते एकाच दुकानातून घ्यायचे. तिथल्या म्हाताऱ्या गुजराती शेठशी त्यांची वीस वर्षांची मैत्री, रोज संध्याकाळी दोघांचा चहा. एके दिवशी नव्या बोल्टला चुंबक किंचित चिकटलं. मावसांचं डोकं फिरलं. पॉलिश मारलेलं लोखंड विकता म्हणून भरल्या दुकानात ते गुजरातीत ओरडले, "शेठ, लोखंडने पॉलिश मारीने वेचो छो?" शेठ एवढंच म्हणाले, "बोल्ट साचो छे." मावसा उठून आले ते परत त्या दुकानात गेलेच नाहीत. जाताना पुरावा म्हणून एक बोल्ट खिशात घातला होता.

तो बोल्ट त्यांनी गच्चीवर वाटीतल्या मिठाच्या पाण्यात टाकला. गंजला की शेठच्या टेबलावर नेऊन आपटायचा होता. रोज सकाळी देवपूजेआधी वाटी बघायची. मावशी विचारायची, "लोणचं मुरनं का?" पाऊसकाळ संपला, थंडी गेली, बोल्ट तसाच लखलखीत. मावसा मात्र दिवसेंदिवस उतरत चालले होते. संध्याकाळचा चहा त्यांना घरी गोड लागेना.

मी तेव्हा इच्छापोरच्या एका कारखान्यात लागलो होतो. तिथल्या इंजिनिअरला विचारलं, तर तो हसला. चांगलं स्टेनलेससुद्धा थंड अवस्थेत दाबून त्याचं डोकं आणि आटे पाडले की चुंबकाला थोडं चिकटतं. मावसांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाटीतला बोल्ट काढून पुसला. मग चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चाल."

दुकानात त्यांनी आधी बोल्ट ठेवला, मग शेजारी चुंबक. एरवी फर्डं गुजराती बोलणाऱ्या मावसांना त्या दिवशी घरचीच भाषा आठवली. "मनं चुकनं, शेठ." शेठनी बोल्ट बाजूला सारला. मग चुंबक उचलून मागच्या लोखंडी रॅकला लावलं आणि दोन चहांसाठी बाहेर हाक मारली, "बे चा मोकलजे!"

तेव्हापासून चुंबक तिथेच राहिलं आणि दोघांचा संध्याकाळचा चहा पुन्हा सुरू झाला. मावसा जाऊन आता वर्ष होईल. परवा मावशी म्हणाली, त्यांचं चुंबक घेऊन ये, फोटोपाशी ठेवते. मी दुकानात गेलो. शेठनी ते रॅकवरून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. धुळकट रॅकवर त्या जागी तेवढा स्वच्छ तुकडा दिसत होता. मला मावसांची फार आठवण आली. मी चुंबक घेतलं आणि त्याच जागी परत लावलं. शेठनी दोन चहा मागवले.

घरी येऊन मावशीला म्हटलं, राहिलं तिथेच. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घरमा आठे त्यासनासंगे चहा कोन पेस?"