टॅलिनमध्ये कोणी मराठी आहे का?

पुण्याहून सिंगापूरला निघालो तेव्हा विमानतळावर मी इतका रडलो, की रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "घरात कोणी गेलं का?" आई मात्र ठणठणीत. "एका झोपेच्या अंतरावर चाललायस. रडतोस काय!" तिचं खरं ठरलं. दर वर्षी गुडघ्यांना तेल चोळून ती एका झोपेत सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर यायची. लिटिल इंडियातल्या तमिळ भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करायची आणि जिंकायची.

गेल्या महिन्यात रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मॅनेजरने सांगितलं: इथली टीम बंद होतेय. तुला एस्टोनियात जागा आहे, टॅलिनला. नको असेल तर इथला वर्क पास संपायच्या आत दुसरी नोकरी बघ. मी अशी मान डोलावली, जणू एस्टोनिया म्हणजे हडपसरच्या पुढचा स्टॉप. मग एमआरटी मेट्रोत उभ्या उभ्या नकाशा उघडला. तोवर मी तो देश इटलीच्या आसपास धरून चाललो होतो.

निघाला पार वर, बाल्टिक समुद्राच्या काठी. शेजारी रशिया, खाली लाटविया, आखात ओलांडलं की फिनलंड. निम्मा देश जंगल, किनाऱ्याला बेटंच बेटं, आणि सगळ्यांत उंच डोंगर असा, की सिंहगड चढलेल्याने त्याला टेंगूळ म्हणावं. राजधानी टॅलिन: तटबंदी, बुरूज, फरसबंद गल्ल्या. फोटो बघून बायको खूश, मी तिथलं तापमान बघत बसलो. डिसेंबरात तिथे दुपारच्या चहालाच अंधार पडतो, हे कळल्यावर आमची इरा म्हणाली, "बाबा, डोन्ट वॉन्ट, लाह!" मलाही तेच म्हणायचं होतं, पण बापाला हे सिंगापुरी 'लाह' शोभत नाही.

आईला सांगायचा धीर होईना. म्हणून आधी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं: 'टॅलिनमध्ये कोणी मराठी आहे का? आईला अजून कळवलेलं नाही, कृपया कुठे बोलू नये.' गणपतीत सगळ्यांना मोदक शिकवणाऱ्या काकूंना मीच हौसेने त्या ग्रुपवर घेतलं होतं. त्या काकू म्हणजे माझी आई.

पहिलं उत्तर तिचंच आलं. 'टॅलिनचं माहीत नाही. पुण्यात एक आहे. तिला कळलं.'

घाबरत फोन लावला. ती रागावलीच नाही, चौकशा करत बसली. समुद्र आहे का, भाजी काय मिळते. मी सेल्समनसारखा सुटलो, "अगं, तटबंदी आहे, शनिवारवाड्यासारखी!"

"शनिवारवाडा मला इथून रिक्षाने जवळ पडतो," ती म्हणाली. मग हळूच, "विमान बदलावं लागतं का रे?"

"एकदा. कधी दोनदा."

"मग मी नाही यायची. तू जा. माझे गुडघे धरून बसू नकोस."

परवा होकार कळवला.

तुम्ही मागे राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, सगळेच विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? मला एवढंच माहीत आहे, की आई येऊन गेली की आमच्या स्वयंपाकघरात मोहरी सापडत नाही. ती सगळे डबे आपल्या सोयीने लावून जाते. फोडणीचं तेल धुरावतं, आम्ही तिच्या नावाने खडे फोडत कपाटं उघडतो. टॅलिनला मोहरीचा डबा मी ठेवीन तिथेच राहील.