सकुबाईची काटकसर

टोकावड्यात सकुबाईसारखी काटकसरी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या या गुणाचा मला अजून राग येतो. जास्त लाकूड जाळते ती बाई उधळी, अशी आमच्याकडची पक्की समजूत. सकुबाई चुलीतलं अर्धं जळलेलं लाकूडही ओढून विझवायची. चुलीपुढे बसायची ती तिची सून जना. धुराने जनाचा दमा उसळला की सासू म्हणायची, "कामाचा आळस, दुसरा काय."

२००७ साली एका संस्थेने गावात धुराड्याच्या लोखंडी चुली वाटायचं ठरवलं. लाकूड कमी जळलं की कार्बन कमी, आणि जो धूर हवेत गेलाच नाही त्याचे पैसे परदेशातली कंपनी देणार. पण आधी माप हवं. जुन्या चुलीवर किती लाकूड जळतं ते आठवडाभर मोजायचं, मग नव्या चुलीवर. दीपेश नावाचा माणूस वजनकाटा घेऊन रोज यायचा.

बायकांना वाटलं, ही आपलीच परीक्षा. त्या आठवड्यात कुणी पाणी तापवलं नाही. सकुबाईने सकाळच्या भातावर रात्र भागवली आणि सगळ्यात कमी आकडा मिळवला.

नवी चूल आली. दम्यामुळे बसून रात्र काढणारी जना कित्येक वर्षांनी आडवी होऊन झोपू लागली. काही महिन्यांनी दीपेश पुन्हा मोजायला आला, तेव्हा परीक्षा कधीच संपली होती. घरोघर नेहमीसारखं रांधणं चालू होतं. मापात नवी चूलच जास्त लाकूड खाणारी ठरली.

दीपेशला संशय आला. त्याने सगळ्यांना देवळासमोर बसवलं. "आजी, पहिलं माप खरं नव्हतं ना? सांगा, परत मोजू. नाहीतर चुली परत न्याव्या लागतील."

सगळ्या बायका सकुबाईकडे बघत होत्या.

"आमचे घरात इतकीच लाकडं जळतात," ती म्हणाली. "खोटा आमी कशाला बोलू?"

त्याने जनाला विचारलं. जनाने सासूकडे पाहिलं. "आई सांगतात तसंच."

मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं. दीपेशने मिळालं तेच माप कळवलं. त्याला दोष कसा द्यायचा? चुली टेम्पोत चढल्या.

जनाने पुढे दोन पावसाळे कसेबसे काढले. ती गेली तेव्हा सकुबाई रडली, अगदी मनापासून रडली. भेटायला आलेल्या बायकांना सांगत होती, "लय गुणाची होती गो. कधी एक काटकी वाया घालवली नाय."