अस्सल रोशाची बाटली

गोजरबाईला मी कधी स्वस्थ बसलेली पाहिली नाही. बोलायला म्हणून उंबऱ्याशी टेकली तरी हात चालूच. पदराचे टोक मळायची, स्वतःचेच मनगट चोळायची, मांजर जवळून गेले तर त्याची पाठ रगडून सोडायची. "हात थांबले की जीव कासावीस व्हतो, वैनी," असे मला म्हणे. तिचे पोट त्या हातांवरच होते. सकाळी ती बाळंतिणींना आणि लेकरांना तेल लावून न्हाऊ घाली, आणि दुपारी घरी जाऊन कबरीचे, म्हणजे नवऱ्याच्या टांग्याच्या घोडीचे, खांदे आणि पाय चोळी.

माहेर तिचे आष्टीकडचे. आईही हेच काम करायची. लग्न होऊन ती जालन्याला धर्मराज टांगेवाल्याच्या घरी आली. मूलबाळ झाले नाही. कुंडलिका नदीच्या पलीकडे कादराबादेत तिचे घर होते, अलीकडे जुन्या जालन्यात आमचे. मी सिकंदराबादेच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिले बाळंतपण सासरीच झाले. निजामी फसली तेराशे सेहेचाळीसचे साल, म्हणजे इंग्रजी छत्तीस. कार्तिकात माझी उषा जन्मली आणि सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, गोजरबाईला बोलावणे धाडले.

घोडीचे आणि लेकराचे काम एकाच बाईने करावे हे पुष्कळांना रुचत नसे. गावात न्हाऊ घालणारी दुसरी एक होती, झुंबरबाई. ती आमच्या ओट्याशी उभी राहून मुद्दाम ऐकू जाईल असे बोले.

"त्याच हातानं घोडी अन् त्याच हातानं लेकरू. एक दिवस पोरगी खिंकाळंल तुमची."

"खिंकाळू दे की," गोजरबाई आतून ओरडे. "तुझ्या हातची तर नुसती रडतच राह्यली."

सासूबाई हसत, पण तिचे हात शिकेकाईने धुवून घेतल्याशिवाय नातीला हात लावू देत नसत. एवढे करूनही त्या हातांना वास येई. थोडा घोडीचा, थोडा रोशाचा.

रोशा हे डोंगरमाळावरचे गवत. पावसाळा सरला, फुलोरा आला की ते कापतात, भट्टीवर उकळतात आणि वाफेतून तेल काढतात. वास गुलाबासारखा, पण मागून तिखट. दुखऱ्या सांध्याला ते लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. गोजरबाई ते काकासाहेबांच्या तेलाच्या दुकानातून घेई आणि प्रत्येक वेळी भांडून घेई.

"काकासाहेब, आज तिळाचं किती अन् रोशाचं किती?"

"वास घे की गोजर. अस्सल हाय."

"वास तर तुमच्या दुकानाला बी येतो. म्हणून काय दुकान उकळून लावू कंबरेला?"

तेलात भेसळ होती हे खरे. काकासाहेब अर्ध्याहून जास्त तिळाचे तेल घालत. पण गोजरबाईचा हात त्याच तेलावर बसलेला होता. घोडीच्या खांद्याला पसाभर, बाईच्या कंबरेला वाटीच्या तळाशी मावेल एवढे. तिचे सगळे माप भेसळीच्या तेलाचे होते, आणि हे तिला ठाऊक नव्हते. तिला एवढेच वाटे की अस्सल तेल मिळाले तर आपल्या हाताचा गुण दुप्पट होईल. हा ध्यास तिला बसू देत नव्हता.

त्या कार्तिकात धर्मराजला भोकरदनपलीकडच्या डोंगरातले गिऱ्हाईक मिळाले, तेव्हा ती टांग्यात चढून बसली. ओढ्याच्या काठी लालमियाँची भट्टी होती. मातीने लिंपलेला तांब्याचा हंडा, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि गार पाण्यात बुडवलेले भांडे. त्या भांड्यात पाण्यावर तेल तरंगत होते आणि लालमियाँची बायको मैमूना ते पळीने अलगद उचलत होती. गोजरबाई किती तरी वेळ नुसती बघत राहिली. मैमूनाने बाटली भरून दिली आणि बजावले,

"सीधा नक्को लगा, बाई. मीठे तेल में मिलाको लगाना. थोडा डालना, बहुत थोडा."

मीठे तेल म्हणजे तिळाचे गोडे तेल. ते नाव ऐकले आणि गोजरबाईचे कान बंद झाले. वाटभर ती धर्मराजला म्हणत होती, "बघा, भट्टीवालीला बी भेसळच शिकवायची खोड! काकासाहेबाची बहीणच दिसती. आवं, तिळाचंच लावायचं तर डोंगर कशाला चढायचा?"

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली घेऊन आमच्या घरी आली. माझ्या अंगाला आधीच तिळाचे तेल चोळलेले होते. त्यावर कंबरेला तिने रोशाचे चार थेंब सोडले. कंबर जरा गरम झाली आणि बरे वाटले. उषाला सर्दी होती, नाक चोंदल्याने तिला नीट पिता येत नव्हते. गोजरबाई म्हणाली, "उद्या टाळूत हेच भरते. सर्दी पळतीच बघा." बाळाच्या डोक्यावरचा मऊ खळगा, ती टाळू, रोज तेलाने भरायचीच असे. भरायचे काय, एवढाच प्रश्न. बाटली तिने आमच्या कोनाड्यात ठेवली, आणि घोडीसाठी वाटीत थोडे घेऊन गेली.

घरी गेल्यावर तिने कबरीचा खांदा नेहमीसारखा चोळला. पसाभर नव्हते, पण होते ते सगळे, आणि सगळे अस्सल. वर टांग्याचा पट्टा चढला आणि धर्मराज उन्हात स्टेशनवर गेला. गोजरबाईच्या तळव्यांना काही लागले नाही. जन्मभर घासून ते घट्ट झालेले होते. ते नाजूक असते तर तिला आधीच कळले असते.

कबरी स्टेशनपर्यंतही गेली नाही. रस्त्यातच ती पाय आपटू लागली, मान फिरवून खांदा चावायला बघू लागली, टांगा आडवा गेला. धर्मराजने पट्टा सोडून तिला कशीबशी घरी आणले. पट्ट्याखालची कातडी सुजून वर आली होती आणि जागोजाग फोड धरले होते.

"काय लावलंस तू हिला?"

"अस्सल लावलं हो! अस्सल!"

गोजरबाईने बादलीवर बादली ओतली. पाणी वाहून जाई आणि घोडी जास्तच नाचे. आता चोळलेले नव्हते तिथेही, पोटाकडे, तिची कातडी थरथरू लागली. खाली डबके साचले. त्या डबक्यावर तेलाची साय तरंगत होती, अगदी ओढ्याकाठच्या भांड्यात तरंगत होती तशी. गोजरबाई थबकली. पाणी या तेलाला नेत नाही, पसरवते. मग नेते काय? मैमूनाचे शब्द तिला तेव्हा ऐकू आले. तिने चुलीपुढचे तिळाचे तेल आणले आणि फडक्याने पुसत राहिली. भिजव, पूस, फडके फेक, नवे घे. हळूहळू कबरीचा थरथराट उतरला.

आणि हातातल्या तेलाकडे बघता बघता तिला आमचा कोनाडा आठवला.

आमच्याकडे उषा कण्हत होती. तोंड लावी, श्वास कोंडला की सोडी आणि रडे. मी खाटेवर शेगडीजवळ पडलेली, पोरीला घेऊन बसावे तरी चैन नाही, खाली ठेवावे तरी नाही. सासूबाई सारख्या आतबाहेर करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उद्यापर्यंत कोण थांबतं? मीच भरते टाळू." त्यांनी बाटली काढली, तळहातावर तेल घेतले आणि मला म्हणाल्या, "धर तिचं डोकं."

मी डोके धरले. तेवढ्यात गोजरबाई दारातून नव्हे, अंगावर आल्यासारखी आत आली. पूल ओलांडून पळत आली होती. श्वास मावत नव्हता, पदर डोक्यावर नव्हता. तिने सासूबाईंचे मनगट पकडले. आमच्या घरात असा हात कोणी धरला नव्हता.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"लेकराला लावू नका, काकू! धुऊ बी नका, पुसा! गोडं तेल कुठंय?"

सासूबाई हात सोडवू पाहत होत्या आणि ती सोडत नव्हती. तिळाचे तेल ओतून तिने त्यांचा तळवा पुसून काढला. तोपर्यंत तळवा लाल झाला होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग उषाच्या टाळूकडे. ती टाळू श्वासाबरोबर खालीवर होत होती.

गोजरबाईला गप्प राहता आले असते. बाटली घेऊन काहीतरी सांगून निघता आले असते. पण तिने सगळे सांगितले, घोडीचे, मैमूनाचे, स्वतःच्या हट्टाचे. हात एकमेकांत पिळत, उभ्या उभ्या. झुंबरबाई ओट्यावर होतीच.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

दिवस मावळायच्या आत गावभर झाले. घोडी भाजली, आता लेकरं भाजील. एकामागून एक घरांनी तिला नको म्हटले. आमच्याकडे झुंबरबाई येऊ लागली. तिचा हात जड. उषा तिची चाहूल लागली की ताठ होई. पलीकडे गोजरबाईच्या हातांना काम उरले नाही. ती पीठ मळून झालेले पुन्हा मळी, असे धर्मराज सांगे. कबरीजवळ जावे तर घोडी कान मागे पाडून दूर सरके. तिने राख लावली, बेसन लावले, तिळाचे तेल चोळून पुसले, पुन्हा बेसन. मग लांबूनच हात पुढे करायची. कबरी हुंगायची आणि तोंड फिरवायची. पुन्हा धुवायचे, पुन्हा हुंगायला द्यायचे.

एका बाजारगाडीबरोबर ती परत मैमूनाकडे गेली. मैमूना हसली म्हणे.

"मीठा तेल बोली थी ना मैं?"

"बोल्लीस. मला वाटलं तू बी भेसळवाली."

"अरे, ये भेसळ नहीं, ये तो इसका लगाम है."

मग मैमूनाने तिला बसवून शिकवले. गोड्या तेलात थेंब मिसळून आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचे, तळव्याला नाही, आणि एक दिवस थांबायचे. तान्ह्या लेकराला आणि पोटुशीला मुळीच नाही. सर्दी असो की काही, नाकाजवळ तर नाहीच, श्वास अडतो. जनावराला आधी वास द्यायचा. त्याने तोंड फिरवले तर ऐकायचे. पट्ट्याखाली नाही, उन्हात नाही. परत आल्यावर गोजरबाई आधी काकासाहेबांच्या दुकानी गेली.

"तुमच्या भेसळीनंच इतके दिवस लोकं वाचले, काकासाहेब."

"म्हंजी मी पुण्य करून राह्यलो व्हतो?"

"पुण्य कसलं? चोरीच. चोरी चुकून कामाला आली. आता तीळ अन् रोशा येगळे द्या, मिळवायचं मी बघते."

थंडी सरता सरता कबरीच्या खांद्यावर नवे केस आले. धर्मराज ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. तो एकदा आमच्या दारी टांगा घेऊन आला, तेव्हा सासूबाईंनी बाहेर येऊन घोडीचा खांदा पाहिला. आत येऊन पाहिले तर झुंबरबाईच्या पायांवर उषा किंचाळत होती. सासूबाई काही वेळ येरझाऱ्या घालत राहिल्या. मग बाहेर जाऊन धर्मराजला म्हणाल्या, "गोजरला सांग, सकाळी ये म्हणावं."

सकाळी गोजरबाई आली, पण उंबऱ्याच्या आत येईना. रिकामे हात पुढे करून उभी राहिली. मी प्रथमच ते हात न हलणारे पाहिले.

"आधी हुंगा, काकू. मंग लेकरू द्या."

सासूबाईंना ते विचित्र वाटले. पण त्या वाकल्या आणि दोन्ही तळवे नीट हुंगले. ओट्यावरून झुंबरबाई मान लांब करून बघत होती.

"घोडीचा वास येतोय," सासूबाई म्हणाल्या.

"घोडीचाच यायला पाहिजे. रोशाचा येत असंल तर बिलकुल देऊ नका."

सासूबाईंनी पुन्हा एकदा हुंगले. मग आत वळून मला म्हणाल्या, "दे तिच्याकडे पोरीला. आणि तिळाचं तेल कोमट कर."